तुझ्या ग्रुपचं कुलूप

दिनूदादा, तू गेल्याची बातमी तुझ्याच ग्रुपवर टाकता आली नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. गल्लीत बाळंतपण असो की मयत, पहिली ओळ तुझी पडायची. 'अमुक वारले. दुपारी निघतील. मी स्वतः जाऊन आलो.' तुझ्या वेळी ती ओळ लिहिणारं कोणी उरलंच नाही, कारण ग्रुपला कुलूप तू घातलं होतंस आणि किल्ली तुझ्याच खिशात होती.

सांगत होते की नाही मी? वर्षभर कानीकपाळी ओरडत होते, की दादा, असं काही एकट्याच्या हातात ठेवू नये, माणसाचं काय खरं. तर तू म्हणायचास, "सुमे, मी कुठं चाललो?" गेलास की नाही? चहा बशीत ओतून ठेवला आणि गेलास. वहिनी सांगते, बशी भरलेलीच होती.

तिची हाक आली तेव्हा मी दुकानाचं शटर उचलत होते. चुलत का असेना, सुरतेत मला भाऊ तू एकच. माझं लग्न इथं गोडादऱ्यात जमवलंस तू, आणि पुढं घराखाली झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान काढायला लावलंस तेही तूच. ते शटर तसंच अर्ध्यावर सोडून मी पळाले. नंतरचं सगळं कोणाचंही होतं तसंच झालं, ते लिहीत नाही. एकच लिहिते, कारण ते तुला ठाऊक असायला हवं.

नितीन तुझा, इच्छापोरहून ड्यूटी टाकून आला. दारात जमलेले सगळे म्हणायला लागले, ग्रुपवर टाका, ग्रुपवर टाका. त्यानं तुझा फोन हातात घेतला आणि तुझ्याशेजारी बसला. फोनकडे बघे, मग चादरीकडे बघे. मग मला हळूच म्हणाला, "आत्या, पप्पांचा अंगठा लागतो. एकदा लावून बघू?"

मी म्हटलं, "खबरदार!"

इतक्या जोरात म्हटलं की बाहेरच्या बाया दारात डोकावल्या. पोरगं बिचारं ओशाळलं. त्याचं काय चुकलं होतं? बाप गेल्याचं लोकांना कळवायचं होतं त्याला. आणि अंगठ्यानं फोन उघडायला तुला मीच शिकवलं होतं, माझ्याच दुकानात, स्टुलावर बसवून. फोनवर रेघोट्या मारायची ती खूण तू दर सोमवारी विसरायचास म्हणून. पण त्या क्षणी तुझा हात चादरीखालून कोणी काढावा आणि काचेवर दाबावा, हे मला सहन होईना. नव्याच्या बाजूनं तुझ्याशी वर्षानुवर्षं भांडणारी मी, आणि ऐन वेळी तुझ्यासारखीच निघाले.

मग काय, गावाकडं पूर्वी जायचे तसं आम्ही दारोदार निघालो. एका बाजूनं नितीन, एका बाजूनं मी. आणि दादा, तुला काय सांगू, प्रत्येक दारात एकच उत्तर. मी सांगावं, दिनूदादा गेला, आणि समोरच्यानं खिशातून फोन काढावा, बघावं आणि म्हणावं, "ग्रुपवर तं नही उनं!" मी तिथं पदर तोंडाला लावून उभी, आणि हे म्हणतात ग्रुपवर तर आलं नाही. सुकलालबापूसुद्धा. तुझ्याशी वर्षभर अबोला धरलेला सुकलालबापू! त्यानंही चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "खरं ऱ्हातं तं दिनू टाकता ना." खरं असतं तर दिनूनं टाकलं असतं. मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो, आणि तो उंबऱ्यावर मटकन खाली बसला.

तेव्हा मला रडू आलं. घरात आलं नव्हतं, त्याच्या दारात आलं.

---

बापूशी तू जे वागलास ते मला पटलं नव्हतं. तेव्हाही तोंडावर सांगितलं आणि आता तू ऐकत नसलास तरी सांगते.

चुकला होता तो, मान्य. मागच्या भाद्रपदात पाऊस धरून बसला होता, खाडीचं पाणी रस्त्यापर्यंत आलं होतं, आणि त्यानं ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला. धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी सुटलंय, तासाभरात गोडादरा बुडणार. सुरतेचा माणूस पाणी म्हटलं की आधी जिना बघतो. तो मोठा पूर ज्यानं पाहिला त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. अख्खी गल्ली सिलेंडर, गाद्या, टीव्ही घेऊन वर धावली. वहिनी गव्हाचं पोतं ओढता ओढता जिन्यावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. आणि पाणी? ते आलंच नाही. व्हिडिओ भलत्याच राज्यातला, भलत्याच सालातला.

तू बमरोलीहून आलास ते तडक बापूच्या दारात. लूमवर मास्टर म्हणून जन्म गेला तुझा, कान त्या खटखटीनं गेलेले, त्यामुळं तुझं हळू बोलणंही चार घरांना ऐकू जायचं. त्या दिवशी तर चौकापर्यंत ऐकू गेलं.

"कोनी देखं? डोयाघाई कोनी देखं?"

कोणी पाहिलं, डोळ्यानं कोणी पाहिलं. हा तुझा नेहमीचा सवाल. कोणी म्हणावं अमुक औषधानं साखर जाते, कोणी म्हणावं उद्यापासून ही नोट बंद, तू लगेच फोन लावायचास. लिहून विचारत बसायला तुला धीर नसायचा, आवाजाचे मेसेज तुला ऐकू यायचे नाहीत, म्हणून सरळ फोन, आणि समोरचाही ओरडेपर्यंत फोनमध्ये बोंब. कोनी देखं? लोक तुला टाळायला लागले होते रे. समोरून तू आलास की चप्पल सापडत नसल्यासारखे खाली वाकायचे.

तेवढ्यावर थांबला असतास तर काही नव्हतं. बापू तुझ्याबरोबरीनं ग्रुपचा ॲडमिन होता. ग्रुप त्यानंच काढला होता, नावही 'आपली गल्ली' त्यानंच दिलेलं. त्याला तू ॲडमिनवरून उतरवलंस आणि ग्रुप बंद केलास. म्हणजे बाकीच्यांनी नुसतं वाचायचं, बोलायचं एकट्या दिनूभाऊनं. वयानं मोठ्या माणसाला चारचौघांत असं खाली बसवतात का? बापू काही लबाड नव्हता. घाबरला होता, आणि आपण घाबरलो तसं सगळ्यांनी घाबरावं, म्हणजे वाचतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

मी भांडायला आले तेव्हा तू वहिनीच्या हाताला प्लॅस्टर असल्यामुळं भाकरी थापत होतास. तुझ्या भाकरीचा नकाशा झाला होता, पण मी काही हसले नाही.

"लोकांची मुसकी बांधलीस तू," मी म्हटलं.

"धागा तुटला का लूम थांबस का नही?" तू म्हणालास. "आपोआप थांबस. नही थांबनी तं आख्खा कापडना ताका बिघडस."

"थांबते. पण मग तू धागा जोडतोस आणि लूम पुन्हा चालू करतोस ना? का तशीच बंद ठेवून घरी येतोस?"

भाकरी उलटवलीस, हात पोळून घेतलास आणि म्हणालास, "करसू चालू. आधी धागा जोडू दे."

बस. या एका वाक्यावर तू वर्ष काढलंस. मी विचारावं, दादा, जोडला का धागा? तू म्हणावं, जोडतोय. पालथ्या घड्यावर पाणी. आणि एक सांगू? तुझ्या त्या बंद ग्रुपवर लोकांचा विश्वासही बसला होता. तिथं आलं म्हणजे खरंच, इतका की तुझं मरण तिथं आलं नाही म्हणून लोकांना खोटं वाटलं. हे तुझ्या बाजूचं आहे, म्हणून प्रामाणिकपणे लिहिते. पण सहा महिन्यांत कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या घरी पोरगी झाली, कोणाला खोली भाड्यानं हवी, हे एकमेकांना सांगणं बंद झालं, ते माझ्या बाजूचं आहे. खोटं गेलं आणि गप्पाही गेल्या.

---

आपलं कशावर एकमत होतं, हे मी या दिवसांत आठवून बघितलं. कशावरच नाही. अपडेट आलं की मी लगेच करायची आणि तू म्हणायचास, चालत्या लूमला हात लावू नये. तुझ्या फोनवर तो लाल ठिपका किती महिने बसून होता, देव जाणे. एकदा नितीननं तुला न विचारता अपडेट केलं आणि सगळी चित्रं इकडची तिकडं गेली, तर तू दोन दिवस फोनशी बोलला नाहीस. फोनशी! आमच्याशी बोलत होतास.

आणि माझ्या दुकानात चोरीचं सॉफ्टवेअर होतं, तर उठता बसता टोमणे. "फुकटचं मियस तं चोरीनं काब्र वापरस?" फुकटचं मिळतं तर चोरीचं का, म्हणे. खरंच राजरोस फुकटचं मिळत होतं, नाही असं नाही. शेवटी एका दिवाळीत चिडून मी ते टाकून घेतलं. पहिल्याच लग्नपत्रिकेत वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं एकीकडे. नवरदेवाच्या बापानं मला काय काय ऐकवलं, आणि तू तिथंच स्टुलावर बसून बडीशेप चघळत होतास. वर म्हणालास, "चोरीचं नही ना पन." असा राग आला होता की तो स्टूल तुझ्यासकट उचलून रस्त्यावर ठेवावा. आता तोच स्टूल रिकामा आहे आणि गिऱ्हाईक बसायला लागलं की मला पटकन उठवावंसं वाटतं. फुकटचंच सॉफ्टवेअर अजून वापरते. वेलांट्या आता जागेवर आहेत.

तू रोज संध्याकाळी तिथं बसून मला फोनवरच्या बातम्या ऐकवायचास. यंत्रं आता चित्रं काढतात, यंत्रं आता डॉक्टरकी करतात. तुला भीती वाटायची नाही, नवलही वाटायचं नाही. तू विचारायचास, "बिघडलं तर थांबतं का ते? का तसंच चालत राहतं?" मी म्हणायची, तुला सगळीकडं लूमच दिसते.

पण त्या बोलत्या फोटोवरून आपलं जे वाजलं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. बमरोलीत तुझ्या जुन्या शेठच्या मुनीमाचं उत्तरकार्य होतं. पोरांनी मोठा टीव्ही लावला होता आणि त्यावर मुनीमाचा फोटो बोलत होता. ओठ हलत होते, पापण्या लवत होत्या. 'माझ्या लेकरांनो, सुखी राहा.' बाया रडायला लागल्या. मलाही गलबलून आलं. आणि तू पानावरून उठलास! भरल्या पानावरून.

रिक्षात मी तुझी खरडपट्टी काढली. म्हटलं, ज्याचं गेलं त्याला विचार. त्यांना बरं वाटतं तर तुझं काय जातं?

"तो मानूस जनमात लेकरांनो म्हनना नही," तू म्हणालास. "शिव्याच दे." शिव्याच द्यायचा म्हणे.

रिक्षावाला हसला. मीही हसले. तू नाही हसलास. जरा वेळानं म्हणालास, "सुमे, मी मरसू ना, तं मन्हा तोंडमा शब्द टाकानं नही. मी जे बोलनू नही ते मन्हा नाववर नको."

"आणि टाकले तर? काय करशील मेल्यावर?"

"तुन्हा प्रिंटर जाम करसू."

तिथं विषय संपला. म्हणजे तुझ्याकडून संपला. माझं उत्तर राहिलंच होतं. मला म्हणायचं होतं, दादा, गेलेल्या माणसाचं नाव मागं राहिलेल्यांच्या तोंडीच असतं, ते दुसरीकडं कुठं असणार? पण तोवर गोडादरा आलं आणि तू भाड्यावरून रिक्षावाल्याशी घासाघीस करायला लागलास.

---

तू गेल्यावरही वहिनी तुझा फोन रोज चार्जिंगला लावायची. मला हे माहीत नव्हतं. मला कळलं ते माझ्या फोनवरून. तू गेलास त्याच्या आदल्या रात्री मी तुला शेवटचं लिहिलं होतं, 'कानबाईचा सण तोंडावर आला. आता तरी कुलूप काढ. हट्टाला काही सीमा?' हे शेवटचं. 'बरा आहेस का' नाही, 'जेवलास का' नाही, हट्टाला काही सीमा. त्या ओळीखाली दोन टिका होत्या. पोचलं होतं. वाचलंस की नाही, ते कळायला मार्ग नाही, कारण वाचल्याची निळी खूण तू मुद्दाम बंद ठेवली होतीस, लोकांनी चौकशा करू नयेत म्हणून. मी वेड्यासारखी पुन्हा एक लिहिलं. 'दादा.' त्याखालीही दोन टिका आल्या. मी धावत तुमच्याकडं आले, तर देव्हाऱ्याशेजारी तुझा फोन वायरीला लटकलेला, आणि वहिनी म्हणाली, "बंद पडाले नको. लोकेसना मेसेज येतंस त्यासले."

तुझं तेरावं झालं आणि कानबाईचं काम अंगावर आलं. श्रावणातला रविवार काही कोणासाठी थांबत नाही. नारळाची कानबाई कोणाच्या घरी बसवायची, नैवेद्याच्या रोटाचं पीठ कुणी कुठं दळायचं, गाणी म्हणायला कोणत्या बायांनी जागायचं, हे सगळं ठरायचं ग्रुपवर. आणि ग्रुप तर मुका. कोणीतरी म्हणालं, नवा ग्रुप काढू, दोन मिनिटांचं काम. मी पण म्हटलं, बरोबर आहे, दोन मिनिटांचं काम.

तेव्हा वहिनी बोलली. "नवामा ते ऱ्हातीन का?"

नव्या ग्रुपमध्ये ते असतील का? नवा ग्रुप काढायला हातात घेतलेले फोन सगळ्यांनी परत खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली, तुझा फोन पदरात गुंडाळून. स्टुलावर बसली. तुझ्याच स्टुलावर. म्हणाली, "सुमनताई, तुम्हीन उघडा. अंगठा नको म्हनन्यात ते बरं करं. पन आते उघडा."

उघडता येणार होतं, दादा. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. तुझं सिमकार्ड काढायचं, दुकानातल्या जुन्या फोनमध्ये घालायचं, त्यावर आकडे येतात ते टाकायचे, की झालं, मी म्हणजे तू. तेराव्यापर्यंत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. अंगठ्यापेक्षा ते वेगळं कसं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण वहिनी समोर बसली होती आणि तिनं मागितलं होतं. केलं.

तुझं नाव आलं, तुझा तो लग्नातला फेट्याचा फोटो आला, आणि आत काही नव्हतं. जुनं एकही अक्षर नाही. मला वाटलं होतं, निदान माझी ती शेवटची ओळ तरी दिसेल, काही खूण दिसेल की तू वाचलीस, उत्तर लिहायला घेतलं होतंस. काही नाही. सगळं पाटीसारखं पुसलेलं, फक्त ग्रुपचं नाव तेवढं उरलेलं. तेवढ्यात माझा फोन शेजारी पडला होता, त्यावर नजर गेली, तर तुझ्या नावाखाली लिहिलं होतं, ऑनलाइन. वहिनीनंही ते पाहिलं. मी माझा फोन पालथा ठेवला.

तिला मी समजावून सांगितलं. सुकलालबापूला ॲडमिन करायचं आणि दादाला बाहेर काढायचं. ती म्हणाली, बाहेर काढू नका. मग बापूला ॲडमिन केलं, आणि तुला राहू दिलं, आणि ते एक बटण दाबलं, सगळ्यांना बोलू देणारं. कुलूप निघालं.

आणि ग्रुपवर एक ओळ उमटली, की दिनकरनं सेटिंग बदललं आहे, आता सगळे मेसेज पाठवू शकतात.

दिनकरनं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जन्म गेला माझा या धंद्यात आणि लक्षात आलं नाही, की यंत्र बटण दाबणाऱ्याचं नाव लिहीत नाही, ज्याच्या नावावर दाबलं त्याचं लिहितं.

मग हात जोडलेले, रडके चेहरे, फुलं, पाऊसच सुरू झाला. आणि मग लोकांनी त्याचा अर्थ लावला. कोणी लिहिलं, भाऊनं जाण्याआधीच उघडलं होतं, नेट नव्हतं म्हणून आज आलं. दुसऱ्यानं लिहिलं, बराबर, माझे पण मेसेज कधी कधी दोन दोन दिवसांनी येतात. तिसऱ्यानं लिहिलं, भाऊ मोठ्या मनाचा माणूस. बघता बघता सगळ्या गल्लीनं मानलं की तू जाता जाता सगळ्यांना माफ केलंस आणि तुझी माफी वाटेत अडकली होती, ती आज पोचली. आणि सुकलालबापूनं, ज्याला आपण ॲडमिन झाल्याचंही तुझ्याच नावानं कळलं होतं, त्यानं लिहिलं, 'दिनू, मले कयनं भाऊ.' मला कळलं, भाऊ.

वहिनी वाचत होती. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा काही सैल झालं होतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना ताई. कोनं काय जास?"

कोणाचं काय जातं. हेच मी तुला रिक्षात म्हटलं होतं, दादा. अगदी हेच. आता तेच माझ्यापुढं आलं, आणि माझ्याच्यानं हो म्हणवेना. तू ते कुलूप काढणार होतास की नव्हतास, मला माहीत नाही. कदाचित काढलं असतंस. बापूच्या घरी जाऊन आधी भांडला असतास आणि मग चहा पिऊन काढलं असतंस, असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे पाहणं नव्हे. जन्मभर तू लोकांना खोट्या बातम्यांवरून छळलंस, आणि तुझ्या नावावरची शेवटची बातमी खोटी, आणि ती टाकली कोणी? मीच. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, तो प्रिंटर जाम करेल माझा." ती रडता रडता हसली. मग म्हणाली, "लिखा."

मी माझ्या फोनवरून, माझ्या नावानं लिहिलं. 'कुलूप दादानं काढलेलं नाही. बापूंना ॲडमिन पण त्यानं केलेलं नाही. दोन्ही मी केलं, आज दुपारी, त्याच्या नंबरवरून. त्याची चूक नाही, माझी आहे. सुमन.'

मला वाटलं, आता लोक शिव्या घालतील, बापू तर गावाला निघून जाईल. त्याचं नाव वर दिसत होतं, टाइप करतोय, थांबतोय, पुन्हा करतोय. म्हातारा माणूस, एका बोटानं लिहितो. शेवटी आलं.

'सुमन, तू म्हनस तू करं. कोनी देखं?'

दादा, बापूनं विचारलं! ज्या माणसानं आजवर आलेलं सगळं न वाचता पुढं ढकललं, त्यानं विचारलं, कोणी पाहिलं? आणि कोणत्या गोष्टीवर विचारलं? जी खरी ठरली तर त्याची माफी हातातून जाणार होती अशा गोष्टीवर.

मी फोन हातात धरून बसले. माझ्याच कामाची मीच साक्ष कशी देऊ? तेव्हा वहिनीनं हात पुढं केला. त्याच, मोडून जोडलेल्या मनगटाचा. तिच्या स्वतःच्या फोनवर 'आपली गल्ली' पहिल्यापासून होती, पण तिनं आजवर तिथं एक अक्षर टाकलं नव्हतं. टाकायची गरजच काय, घरात तू होतास ना बोंब मारायला. तिनं बोलायचं बटण दाबून धरलं आणि फोन तोंडाशी नेला.

"मी देखं, बापू," ती म्हणाली. "मी आठेच बठेल शे." इथंच बसलेली आहे मी.

बापूनं लिहिलं, 'मंग बराबर.' आणि लगेच खाली, 'रोटनं पीठ मन्हा घर दया.' रोटाचं पीठ माझ्या घरी दळा.

मग जे सुटले सगळे! कोणाची सून माहेरी गेलीय, कोणाच्या जात्याची खुंटी सैल आहे, खोली भाड्यानं देणे आहे, आणि कोणीतरी साखर घालवणारं औषधही टाकलं. त्याला लगेच तिघांनी विचारलं. तुझ्यासारखं बोंबलून नाही, पण विचारलं.

तुझं सिम परत तुझ्या फोनमध्ये घातलं आणि फोन वहिनीला दिला. ती चार्ज करते अजून. प्रिंटर अजून तरी चालू आहे. भांडण आपलं मिटलेलं नाही, दादा. त्या रिक्षातलं माझं उत्तर राहिलंय आणि तुझा धागा राहिलाय, आणि माझी ती शेवटची ओळ तू वाचलीस की नाही, हे मला कधी कळणार नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण बापूनं विचारलं, एवढं खरं आहे. ऐकीव नाही, कोणी पुढं ढकललेलं नाही.

कोनी देखं, म्हणशील. मी देखं.